जिप्सम बोर्डाच्या भिंतीचे सांधे फुटू आणि दिसू नयेत म्हणून काय करावं? (इंदूर)

सुदामानगरी, ७ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर सुदामा नगरात, वडिलांनी बांधलेलं. आई आता ७९ वर्षांची, जिना चढवत नाही. म्हणून तळमजल्याच्या हॉलमध्ये आडवी भिंत घालून तिची खोली काढायची आहे. भिंत १३ फूट लांब, १० फूट उंच, मध्ये ३ फुटांचं दार. विटेची नको असं घरात ठरलंय. आईला दमा आहे, त्यामुळे महिनाभर वाळू-सिमेंट आणि पाणी मारणं परवडणार नाही. शिवाय फरशी फोडायची नाही.

चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एका ठेकेदाराकडून जिप्सम बोर्डाचीच (दोन कागदांच्या मध्ये जिप्सम असलेल्या तयार फळ्यांची) भिंत करून घेतली होती. पहिला उन्हाळा सरला आणि प्रत्येक सांध्यावर केसासारखी रेघ उमटली. दोनदा पुट्टी भरून रंगवलं, दोन्ही वेळा परत आली. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की पाहुणेसुद्धा बोर्ड मोजून सांगतात.

या वेळी मी आणि धाकटा भाऊ मिळून स्वतःच करावं म्हणतो. भावाला विजेचं काम येतं. मी बँकेतून निवृत्त, पण हात बरा चालतो. दिवाळीपर्यंत वेळ आहे. सांधा फुटू नये आणि दिसू नये यासाठी नेमकं काय करतात?

सराफ्यातला_उपाशी, ७ जुलै, रात्री ९:५२

निवृत्त बँकवाला आणि पुट्टी. वहिनींना आधी माहेरी पोचवा, मग घमेलं आणा.

विटकर, ७ जुलै, रात्री १०:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. टिचकी मारली की पोकळ वाजते तिला मी भिंत म्हणत नाही, पडदा म्हणतो. तळमजला आहे, भार घ्यायला खाली जमीन आहे. साडेचार इंची विटेची घाला आणि मोकळे व्हा. उद्या आईंनी सांगितलं की इथे देवघर लाव, तर काय कागदावर खिळा ठोकणार?

सुदामानगरी, ७ जुलै, रात्री १०:२२

देवघराचं आईने आधीच विचारलंय. तिचा पहिला प्रश्न तोच होता, खोली मिळणार का हा दुसरा.

भूमितीकाका, ८ जुलै, सकाळी ६:३५

विटकरसाहेब, 'खाली जमीन आहे' हे दुसरीकडे कुठेही म्हणा, माळव्यात नका म्हणू. आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हॉलच्या फरशीखाली पाया नसतो, भराव असतो. १३ बाय १० ची साडेचार इंची भिंत दोन्हीकडचा गिलावा धरून तीन टनांच्या आसपास जाते. ती नुसत्या फरशीवर उभी केली की दोन-तीन पावसाळ्यांत फरशी खचणार आणि भिंत तिरकी चिरणार. जिप्समची तेवढीच भिंत लोखंडासकट तीनशे किलोच्या आत-बाहेर. या जागी तीच योग्य.

पण काळ्या मातीमुळे जिप्समवाल्यालाही पथ्य आहे. घर हलत असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. त्यामुळे नवी भिंत जुन्या घराला घट्ट जखडायची नाही. उभे स्टड (पत्र्याचे खांब) वरच्या चॅनेलच्या (स्लॅबला ठोकलेल्या आडव्या पत्र्याच्या पन्हळीच्या) तळापर्यंत टेकवू नका, ८ ते १० मिमी आखूड कापा आणि वर स्क्रू मारू नका. बोर्डही स्लॅबला भिडवायचा नाही, स्क्रू फक्त स्टडमध्ये. आणि नवी भिंत जुन्या गिलाव्याला जिथे मिळते तिथे ५ मिमीची फट ठेवून रंग बसणारं ॲक्रिलिक सीलंट भरा. तिथे पुट्टी भरलीत तर पुढच्या मेमध्ये रेघ आलीच म्हणून समजा.

३४ वर्षं बांधकाम खात्यात काढली. विटेवर माझंही प्रेम आहे, पण जागा बघून.

सुतारपक्षी, ८ जुलै, दुपारी १:१०

काका सही बोलले. मी १९ वर्षं हेच काम करतोय, पण सल्ला द्यायच्या आधी एक काम सांगतो. भिया, वरच्या मजल्यावरच्या त्या जुन्या भिंतीचा एक सांधा चाकूने वीतभर खरवडा. आत टेप निघते का? निघाली तर कागदाची की जाळीची? आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलीय का? एवढं बघून इथे लिहा.

सुदामानगरी, ८ जुलै, संध्याकाळी ७:०५

खरवडलं. टेप नावाला नाही. दगडासारखी पांढरी पुट्टी आणि तिच्यामागे बोर्डांमधली फट, कुठे २ मिमी, कुठे करंगळी जाईल एवढी. दाराच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून छताकडे चीर गेलीय. तिथे चाकू घातला तर बोर्डाचा सांधा बरोबर चौकटीच्या रेषेत वर चढलाय.

सुतारपक्षी, ८ जुलै, रात्री ९:३०

मग चोर सापडला, एक नाही तीन.

सिमेंटची वॉल पुट्टी गिलाव्यासाठी असते, बोर्डाच्या सांध्यासाठी नाही. सांध्यात जॉइंटिंग कंपाउंड जातो. आमचे कारीगर त्याला नुसतं 'मसाला' म्हणतात. त्याच्या पोटात टेप हवीच. काँक्रीटमध्ये सळई असते ना, तसं समजा: ओढ टेपने सोसायची, मसाला भरतीचा. तुमच्याकडे सळईच नव्हती.

दुसरा चोर म्हणजे फटी. करंगळीएवढी फट मसाल्याने भरली की वाळताना तो आकसतो आणि मधून फाटतो. बोर्ड एकमेकांना हलके भिडले पाहिजेत. कुठे ३ मिमीपेक्षा जास्त फट राहिलीच तर ती आदल्या दिवशी मसाल्याने भरून पूर्ण वाळू द्यायची, टेप दुसऱ्या दिवशी.

तिसरा दारातला. दार आपटतं तेव्हा सगळा धक्का चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांवर येतो आणि सांधाही तिथेच असेल तर दुसरं काय होणार? बाजूचा बोर्ड अखंड दाराच्या वर न्या आणि त्यात दाराची काटकोनी खाच कापा. सांधा दाराच्या मधोमध येऊ द्या, वरच्या आखूड स्टडवर. बोर्ड थोडा वाया जातो म्हणून ठेकेदार हे करत नाहीत. मीही सुरुवातीला करत नव्हतो, खोटं कशाला बोलू.

आता खरेदी. उंची १० फूट आहे तर बोर्ड १० फुटीच मागवा, १२.५ मिमी जाडीचे. दुकानदार ६ फुटी गळ्यात मारेल, कारण तेच त्याच्याकडे पडलेले असतात. ६ फुटी घेतलेत की भिंतीच्या मध्यावर आडवा सांधा आला. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच दाबून उतरत्या केलेल्या असतात. अशा दोन कडा शेजारी आल्या की उथळ पन्हळ होते आणि टेप-मसाला त्या पन्हळीत बसतो, भिंतीच्या वर येत नाही. आखूड कडेला आणि कापलेल्या कडेला तो उतार नसतो, तिथे फुगवटा येणारच. म्हणून कापलेली कड नेहमी कोपऱ्यात ढकलायची.

सराफ्यातला_उपाशी, ८ जुलै, रात्री ९:४४

१० फुटी बोर्ड सुदामा नगरच्या गल्लीतून वळेल का हे आधी मोजा. आमचा सोफा २०१९ पासून अंगणात आहे.

परदेशी_इंदुरी, ९ जुलै, सकाळी ७:२०

मी मूळचा रामबागेचा, आता न्यू जर्सीत. इथे तळघर स्वतः केलं, म्हणून चार शब्द. अमेरिकेत हे काम नवरा-बायको शनिवार-रविवारी मिळून करतात आणि सोमवारी एकमेकांशी बोलत नाहीत.

कापायला करवत लागत नाही. पट्टी धरून पुढच्या कागदावर चाकूने एक घट्ट रेघ ओढा, मागून दणका द्या, बोर्ड पापडासारखा रेघेवर मोडतो. मग मागचा कागद कापा. पातं दर चार-पाच कापांनी बदला. बोथट पातं कागद फाडतं आणि फाटका कागद शेवटपर्यंत छळतो. करवत लागते ती फक्त दाराच्या खाचेला आणि स्विचच्या खोक्यांना.

स्क्रू २५ मिमी, काळे, बोर्डासाठीचेच. डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. हा सगळ्या कामातला सगळ्यात बारीक भाग आहे. कागद फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही, दोन इंचांवर दुसरा मारायचा. मी पहिल्या भिंतीवर जवळजवळ तिसरा हिस्सा स्क्रू असे वाया घालवले, मग कळलं की ड्रिलला खोली धरणारं टोक मिळतं. मध्ये ३०० मिमीवर, कडेच्या स्टडवर २०० मिमीवर. कडेपासून निदान १० मिमी आत, कापलेल्या कडेपासून १५. आणि मधून बाहेर जा. चारही कोपरे आधी आवळले तर मध्ये पोट राहतं.

सुतारपक्षी, ९ जुलै, दुपारी २:००

यात एक भर. स्टडचं पन्हाळं एका बाजूने उघडं असतं. सगळे स्टड एकाच दिशेला तोंड करून उभे करा आणि पहिला बोर्ड उघड्या बाजूच्या ओठावर स्क्रू करा, दुसरा नंतर बंद बाजूला. उलट केलंत तर दुसरा स्क्रू बसताना ओठ मागे झुकतो आणि दोन बोर्डांत अर्ध्या-एक मिमीची पायरी पडते. ती पायरी मग मसाल्याने झाकत बसा. निम्म्या वेळा 'फिनिशिंग खराब' म्हणजे मुळात फ्रेम खराब असते.

स्टड २ फुटांवर चालतात, पण आईंची खोली आहे, हात टेकले जातील, धक्के लागतील. मी सोळा इंचांवर घेतले असते. दाराच्या दोन्ही बाजूंच्या स्टडमध्ये लाकूड भरा. आणि समोरासमोरच्या दोन बाजूंचे सांधे एकाच स्टडवर येऊ देऊ नका.

वडोदऱ्याची_मंजू, ९ जुलै, दुपारी ३:४५

आमचा अनुभव पाण्याचा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री वडोदऱ्यात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी दोन दिवस होतं. फरशी धुतली, फर्निचर उन्हात घातलं, भिंत वरून ठणठणीत दिसत होती. आठवड्याने वास सुटला. बोर्ड फरशीला टेकवून बसवलेले, त्यांनी कंदिलाच्या वातीसारखं पाणी वर ओढलं होतं, पाण्याच्या रेषेच्याही फूटभर वर. शेवटी खालचे तीन फूट सरळ रेषेत कापून नवे तुकडे बसवले.

सुदामा नगरात नदी येणार नाही, कबूल. पण रोज पोछा होतो की नाही? बोर्ड फरशीपासून १० ते १२ मिमी वर ठेवा, खाली तुकडे घालून उचला आणि मग स्क्रू करा. ती फट सीलंटने बंद करा, वरून स्कर्टिंग येतं. बाईला कितीही सांगा, बादली त्या भिंतीलाच टेकणार आहे.

आणि दुकानात हिरवा बोर्ड दाखवून 'वॉटरप्रूफ' म्हणतील. तो दमट हवेला टिकतो, पाण्यात उभा राहायला नाही. आमचे कापून काढलेले खालचे तुकडे हिरवेच होते.

आता माझा प्रश्न. दिवाणखान्यात जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे, त्यात झोपाळा लावता येईल का?

भूमितीकाका, ९ जुलै, दुपारी ४:०२

मंजूताई, नाही. सीलिंग कापून स्लॅबमध्ये हूक घ्या, साखळी सीलिंगमधून नुसती जाऊ द्या. पंख्यालाही तोच नियम. फॉल्स सीलिंगवर फक्त दिवे आणि कोळी.

वडोदऱ्याची_मंजू, ९ जुलै, दुपारी ४:१०

मिस्तरी म्हणाला होता 'चालसे'.

सराफ्यातला_उपाशी, ९ जुलै, दुपारी ४:१८

झोपाळा चालसे, तुम्ही पडसे.

ग्वाल्हेरचा_गोंधळी, १० जुलै, रात्री ८:३०

हवामानाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लश्करात आमचं घर, मी हे काम मे महिन्यात काढलं. बाहेर ४५ अंश. मसाला लावून हात खाली येतो न येतो तोच वरून वाळायचा, आत ओला. वरची साल आकसली आणि मसाल्यातच कोळ्याचं जाळं उमटलं. मग डोकं चालवून कूलर लावला. खोली इतकी दमट झाली की दुसरा थर तीन दिवस वाळेना. कूलर पाण्याचा असतो हे माझ्या लक्षातच नाही आलं. बायकोच्या आलं, पण ती बोलली नाही.

परदेशी_इंदुरी, १० जुलै, रात्री १०:५०

गोंधळीभाऊ, 'बोलली नाही' यावर वेगळा धागा काढा.

टेपबद्दल. नवशिक्यांनी जाळीची टेप घ्यावी असं माझं मत. मागे गोंद असतो, सरळ चिकटते, बुडबुडा येत नाही.

सुतारपक्षी, ११ जुलै, सकाळी ११:१५

इथे मी असहमत. जाळी लावायला सोपी, पण ती ताणते. तिच्यावर वाऱ्याने वाळणारा तयार मसाला लावला तर रेघ यायची शक्यता जास्त. जाळी वापरायचीच तर सोबत स्वतः घट्ट होणारा, पाण्यात कालवायचा मसाला हवा, तोही पहिल्या थराला. कागदी टेप ताणत नाही आणि कोपऱ्यात घडी घालून बसते. त्यांना चार वर्षं रेघेने छळलंय, त्यांनी कागदीच वापरावी.

हात कसा मारायचा ते सांगतो. पन्हळीत ६ इंची पत्तीने (पुट्टी ओढायच्या रुंद पात्याने) मसाला भरा, जरा सढळ. ओला असतानाच टेप मध्यावर ठेवा, घडीचा उंचवटा बोर्डाकडे. मग पत्ती तिरकी धरून मध्यापासून एका टोकाकडे, पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे ओढा, खालचा जादा मसाला कडेने बाहेर येईल. सगळाच काढलात तर टेप कोरडी पडून फुगते. जास्त ठेवलात तर सुरकुती पडते. पहिल्या दोन सांध्यांत दोन्ही होईल, तेव्हा सुरुवात पलंगामागे येणाऱ्या भागापासून करा.

पूर्ण वाळल्यावर दुसरा हात ८ किंवा १० इंची पत्तीने, तिसरा १२ इंचीने. दर थर पातळ आणि आधीच्यापेक्षा रुंद. सांधा जाड करून लपत नाही, रुंद करून लपतो. सांध्यावर किंचित उंचवटा राहिला तरी तो दीड फुटात पसरला की डोळ्याला सापडत नाही. कापलेल्या कडांचा सांधा अंगावर आलाच तर तो दोन-अडीच फुटांपर्यंत पसरवा. नवशिका माणूस वाळलेला थर बघून 'अजून थोडा लावतो' म्हणतो आणि ढिगारा करतो.

सुदामानगरी, ११ जुलै, दुपारी १२:३०

हे वाचून चार वर्षांचं कोडं सुटलं. आमच्या माणसाने एकच जाड थर ओढला होता. दोन प्रश्न राहिले. मसाला कुठला घ्यावा? आणि आता पाऊस आहे तर थांबावं का?

भूमितीकाका, ११ जुलै, दुपारी ४:४०

जिप्सम भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं, ती पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम होते आणि घट्ट बसते, म्हणजे तिचं काम रासायनिक आहे. स्वतः घट्ट होणाऱ्या मसाल्यात मुख्यतः हेच तत्त्व, म्हणून तो पावसाळ्यातही ठरल्या वेळी बसतो. बादलीत तयार मिळणारा मसाला नुसता पाणी उडून वाळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याला दोन-दोन दिवस लागू शकतात. फ्रेम, तारा, बोर्ड आत्ता करा. पहिला थर घट्ट होणाऱ्या मसाल्याचा घ्या. वरचे दोन थर आणि रंग पाऊस सरल्यावर.

त्याच रसायनामुळे घमेलं स्वच्छ लागतं. आधीच्या कालवणाचे कण राहिले तर नव्या जिप्समचे स्फटिक त्यांच्यावरच धरायला लागतात आणि पाऊण तासाचा मसाला दहा मिनिटांत दगड होतो. पाण्यात भुकटी टाका, भुकटीत पाणी नाही. थोडाच कालवा.

सराफ्यातला_उपाशी, ११ जुलै, दुपारी ५:०५

पाण्यात भुकटी, थोडंच कालवा, दहा मिनिटांत संपवा. काका, ही सत्तूची कृती आहे.

पोह्यावर_सेव, ११ जुलै, संध्याकाळी ६:२०

खाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, लोकमान्य नगरात सकाळी पोहे वाफेवर ठेवणारा चांगला ठेला कुठला?

विटकर, ११ जुलै, संध्याकाळी ६:४५

पोहेवाले गृहस्थ, धागा भिंतीचा आहे. आणि माझ्या देवघराच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही हेही नोंदवतो.

सुतारपक्षी, ११ जुलै, रात्री ९:००

देतो ना. एक बाजू बोर्डाने बंद केली की दुसरी लावायच्या आधी देवघर, टीव्ही, हात धरायचा दांडा जिथे येणार तिथे स्टडच्या मध्ये १८ मिमीचं वाळवी-प्रक्रिया केलेलं प्लायवुड आडवं बसवा. मग स्क्रू त्या लाकडात धरतो, बोर्डाला नुसतं भोक पडतं. आईंचं वय बघता पलंगाशेजारीही एक पट्टी टाका, उठताना धरायचा दांडा लागणारच आहे. बंद करायच्या आधी मोजपट्टी लावून फोटो काढा. दोन वर्षांनी 'प्लायवुड कुठे होतं' म्हणत भिंत ठोकत बसणारी घरं मी रोज बघतो.

आवाज अडवायला पोटात ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरा. पण खालची फट आणि खोक्यांच्या कडा सीलंटने बंद नसतील तर ग्लासवूलचे पैसे वाया. दोन खोल्यांची स्विचची खोकी पाठीला पाठ लावून देऊ नका, आईंना तुमच्या बातम्या ऐकू येतील आणि तुम्हाला त्यांची जपमाळ.

भूमितीकाका, १२ जुलै, सकाळी ६:५०

समई-निरांजनाची काळजी असेल तर एक गोष्ट. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली तर आधी ते वाफ होऊन जावं लागतं, तोवर मागची बाजू तापत नाही. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १९८४ च्या आगीत काय उरलं ते इंदूरने पाहिलंय. अर्थात रोजची निरांजनाची काजळी जिप्सम थांबवत नाही. देवघरामागे एक फरशी लावा.

विटकर, १२ जुलै, सकाळी ९:१०

प्लायवुडचं पटलं. आवाजाचं बघू.

सुदामानगरी, १२ जुलै, सकाळी ९:४०

सर्वांचे आभार. शेवटची शंका घासण्याची. आईचा दमा. वरच्या भिंतीच्या वेळी पंधरा दिवस घरभर पांढरी धूळ होती.

वडोदऱ्याची_मंजू, १२ जुलै, सकाळी १०:१५

ओला स्पंज! शेवटचा थर वाळला की पिळून घेतलेल्या स्पंजने गोल-गोल घासा, धूळ उडतच नाही. कागद भिजेपर्यंत घासू नका. आणि ते चार दिवस आईंना बहिणीकडे.

परदेशी_इंदुरी, १२ जुलै, संध्याकाळी ७:३०

कोरडं घासायचंच झालं तर १५० किंवा १८० नंबरचा कागद, शेवटी २२०, तोंडाला मास्क. पण तिसरा हात रुंद आणि पातळ ओढला असेल तर घासायला फार उरत नाही. रात्री मोबाईलचा दिवा भिंतीला चिकटवून तिरका धरा, दिवसा न दिसणारं सगळं दिसेल. दिसलं की पेन्सिलने गोल करा. आमच्या भिंतीवर एका रात्रीत सत्तर गोल झाले होते, मग मी दिवा बंद केला.

रंगाच्या आधी प्रायमर विसरू नका. मसाला आणि बोर्डाचा कागद रंग वेगवेगळा पितात. थेट रंग मारला तर हाताला गुळगुळीत लागणारा सांधासुद्धा पट्ट्यासारखा दिसतो. इथे फिनिशिंगच्या ० ते ५ अशा पातळ्या मानतात. पाचवीत अख्ख्या भिंतीवर मसाल्याचा पातळ हात असतो, चमकदार रंगासाठी. तुम्ही मॅट रंग घ्या, चौथीवर भागेल.

सुदामानगरी, ५ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

मंडळी, धागा वर काढतो. भिंत झाली.

१० फुटी ९ बोर्ड मागवले, ८ लागणार होते. एकेक बोर्ड तीस किलोच्या वर. सराफ्यातल्या उपाशींचं भाकीत खरं ठरलं: दुसरा बोर्ड गल्लीच्या वळणावर विजेच्या खांबाला लागून मधोमध मोडला. बाकीचे आम्ही उभे, आडवे नव्हे, असे दोघांनी धरून आणले. आल्यावर भिंतीला टेकवून ठेवले नाहीत, फरशीवर पट्ट्यांवर आडवे ठेवले, नाहीतर वाकले असते.

फ्रेमला सगळ्यात जास्त वेळ लागला, चार दिवस. भाऊ ओळंब्याला चिकटून बसला होता. मी चिडलो, पण आता कळतंय. पायरी कुठेच पडली नाही, एक जागा सोडून, आणि ती माझी: मी एक स्टड उलट्या तोंडाने उभा केला होता.

पहिल्या सांध्यावर टेप फुगली. कापून काढली, पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी घमेलं नुसतं पुसून नवा मसाला कालवला, काका म्हणाले तसं अर्ध्या वाटेत पत्ती रुतून बसली. ते घमेलं आता कुंडी आहे. वरचे थर सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस थांबल्यावर ओढले. आई नऊ दिवस मावशीकडे स्नेहलतागंजात होती.

मोबाईलचा दिवा लावून पाहिलं. दाराच्या वर एक सांधा शोधला तर सापडतो, तिथे कापलेल्या कडा समोरासमोर आल्यात. बाकीचे मला सापडले नाहीत. भाऊ म्हणतो, मला ते कुठे आहेत हे माहीत असूनसुद्धा. रंग पुढच्या आठवड्यात, प्रायमर वाळतोय.

देवघर बसलं. आईने आधी भिंतीला टिचकी मारली आणि म्हणाली, "पोकळ वाजतेय रे." मग प्लायवुड होतं तिथे मारली आणि म्हणाली, "इथे बरी आहे."

विटकर, ५ ऑक्टोबर, दुपारी ४:३१

आईंशी माझी ओळख करून द्या.

सुतारपक्षी, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

वा भिया! दाराच्या वरच्या सांध्यावर प्रायमरनंतर १२ इंची पत्तीने अजून एक पातळ हात ओढा, दोन्ही बाजूंना फूटभर. रंगाच्या आधी करा.

सुदामानगरी, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

करतो. आणि आता वरच्या मजल्यावरची जुनी भिंत. पुट्टी पूर्ण खरवडून त्यातच टेप बसवता येईल का, की बोर्डच काढावे?

सुतारपक्षी, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

सांध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच कागदापर्यंत खरवडा, फटी भरून वाळवा, मग टेप. दाराजवळचे दोन बोर्ड मात्र बदला. करंगळी जाते म्हणालात ना, ती फट किती लांब आहे? फोटो टाका.